सकाळची वाळू, दुपारची वाळू

१

माझ्या सासरच्या माणसांनी ज्या दोन रंगांवर तीन आठवडे घालवले, त्यांची नावं होती ‘सकाळची वाळू’ आणि ‘दुपारची वाळू’. डिसेंबरात हेर्नेसांदला धड सकाळ होत नाही आणि दुपार सुरू व्हायच्या आत संपते. पण डब्यांवर तसं छापलं होतं, आणि छापलेल्यावर शंका घ्यायची या घराची रीत नाही.

दोन्ही रंग म्हणजे दुधात बुडवून विसरलेलं बिस्किट. दुकानदारालासुद्धा डबे उलटे करून पाहावं लागलं. माझी सासू गुन्वोर म्हणाली, “पहिला जरा बोलका आहे, नाही?” माझा सासरा एवर्ट म्हणाला, “दुसरा जास्त ऐकून घेणारा वाटतो.” आणि माझा नवरा तोर्केल, ज्याच्याशी मी सप्टेंबरात राजीखुशीने लग्न केलं होतं, तो दोन्ही डब्यांकडे पाहून म्हणाला, “दोघांचंही बरोबर आहे.”

मला फरक दिसत होता. माझा धंदाच तो. मी दात घडवते. माझ्याकडे सोळा छटांची पट्टी आहे, प्रत्येक छटेचा एकेक दात. ती माणसाच्या ओठाशी धरायची आणि त्याचा रंग ठरवायचा. सकाळची वाळू म्हणजे दिवसाला चार कप कॉफी पिणाऱ्या मास्तरणीचा दात. दुपारची वाळू म्हणजे तीच मास्तरीण, निवृत्त झाल्यावर.

खोली आमचीच होती, माडीवरची, घराच्या पूर्वेच्या टोकाची. ईस्टरपर्यंत तिथे राहायचं आणि मग उप्सालाला जायचं, असं लग्नाआधीच ठरलं होतं. उप्सालाच्या एका लॅबने माझ्यासाठी खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलं होतं. “जाणारच आहात, तर जाण्याआधी खोली छान करून देऊ,” गुन्वोर म्हणाली. जाणाऱ्यांची खोली कशाला छान करायची, हे मी विचारलं नाही. नवी होते.

या घरात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, सासू-सासरेही एकेरी. समानता आहे. आणि समानता असल्यामुळे सगळं मतदानाने ठरतं. एवर्ट तीस वर्षं गावातल्या गृहसंस्थेचा, गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाचा आणि चर्चच्या गायकवृंदाचा चिटणीस होता. मतं मोजण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. तोर्केलच्या लहानपणच्या कुत्र्याचं नावही दोन विरुद्ध एक असं ठरलं होतं. कुत्र्याने त्या नावाला जन्मभर ओ दिली नाही.

पद्धत अशी: पूर्वेच्या भिंतीवर दोन्ही रंगांचे वर्तमानपत्राएवढे चौकोन रंगवायचे. आठवडाभर ते येता-जाता बघायचे. मग एकेकाने खोलीत जायचं, दार लावायचं, खिळ्याला दोरीने टांगलेल्या पेन्सिलीने आपल्या आवडीच्या चौकोनात खाली एक बरोबरची खूण करायची आणि खाली येऊन कॉफी प्यायची. कोणती खूण कोणाची, हे विचारायचं नाही. कधीच नाही. दुसऱ्याचं पत्र फोडून वाचण्यापेक्षा ते वाईट.

२

पहिलं मतदान रविवारी अकराला झालं. मी सकाळच्या वाळूला मत दिलं. तो रंग आवडला म्हणून नव्हे. दोन वाईटांतलं कमी निवृत्त.

माझ्या खुणेला शेवटी एक छोटा आकडा येतो, हुकासारखा खाली वळलेला. प्लास्टरच्या जबड्यांवर खुणा करून लागलेली सवय. “गळ टाकल्यासारखी खूण आहे तुझी,” तोर्केल एकदा म्हणाला होता. “एवर्टला सांगू नकोस, मंडळात घेईल तुला.”

सगळ्यांचं झाल्यावर आम्ही चौघं वर गेलो. एवर्टने चष्मा लावला आणि बोट न लावता मोजलं.

“सकाळ तीन. दुपार दोन.” त्याने चष्मा काढला. “सकाळ.”

“छान झालं,” गुन्वोर म्हणाली.

मला हसू आलं. “अहो, पण आपण चार जण आहोत.”

कोणी हसलं नाही. एवर्टने चष्मा पुन्हा लावला, पुन्हा मोजलं, पुन्हा काढला.

“तीन आणि दोन,” तो म्हणाला.

“तेच म्हणतेय मी. तीन आणि दोन पाच होतात.”

“केशराचे पाव गार होतील,” गुन्वोर म्हणाली.

जिन्यावरून उतरताना माझ्या लक्षात आलं की तिघंही माझ्याकडे बघत नव्हते. न बघण्याचीही एक पद्धत असते. या घरात दोन वेळा मत देईल असं एकच माणूस होतं: तीन महिन्यांपूर्वी आलेलं, दक्षिणेकडचं, मोठ्याने हसणारं. मला दोन बिस्किटांपैकी एक इतकं हवंसं वाटेल की मी त्यासाठी चोरी करीन, असा त्यांचा समज झाला होता. अपमान चोरीच्या आरोपाचा नव्हता. आवडीचा होता.

“रागावू नकोस,” तोर्केल भांडी पुसताना म्हणाला. “होतं असं. हात घसरतो.”

“कोणाचा?”

तो कप पुसत राहिला. कप केव्हाच कोरडा झाला होता.

३

सोमवारी तिघंही बाहेर गेल्यावर मी भिंतीपाशी बसले. आठवडा झाला तरी रंग जेमतेम वाळलेला होता, नखाला अजून मऊ लागत होता. दुपारच्या वाळूखाली दोन खुणा होत्या. एक सरळ पट्टीने मारल्यासारखी, एवर्टची. एक फिकी, दबत दबत केलेली, गुन्वोरची. सकाळच्या वाळूखाली तोर्केलची, जी खूण कमी आणि माफी जास्त होती. मग माझी, आकड्यासकट. आणि माझ्याला अगदी लगटून पाचवी.

कोणती कोणाची ते विचारायचं नसतं, पण मला कळत होतं, त्याला मी काय करणार?

माझी बोटं माझ्या डोळ्यांपेक्षा हुशार आहेत. केसाच्या दहाव्या भागाएवढा उंचवटा जिभेला टोचतो, म्हणून आमच्या धंद्यात तो बोटाला आधी कळावा लागतो. मी डोळे मिटून खुणांवरून बोट फिरवलं. खाच. खाच. खाच. माझी खाच, शेवटी वळलेली.

पाचवी खाच नव्हती. ती वर आलेली होती.

मी उठले, हात धुतले, परत आले. पुन्हा तेच. चार खुणा पेन्सिल दाबून आत गेलेल्या. पाचवी बारीक वळासारखी बाहेर. तिच्यावर शिसं नव्हतं. राखाडी दिसत होती ती तिचीच सावली होती.

कारणं मला सुचली. जुन्या लाकडी घरांत फळ्यांवर जाड कागद ताणून त्यावर रंग देतात. कागद ओलाव्याने फुगतो. फळीतून डिंक येतो. फुगताना तो बरोबरच्या खुणेच्या आकारात फुगू शकतो का? शकतो. ढग सशासारखा दिसू शकतो. मी स्वतःला असं बरंच समजावलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी एवर्टसारखी बोलायला लागले होते.

कागदामागे फळ्या. फळ्यांमागे भुसा. भुशामागे बाहेरच्या फळ्या, आणि त्यांच्यापलीकडे दोन माणसं उंचीवर नुसती हवा आणि खाली अंगणातला बर्फ. मी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. बर्फावर पाऊल नव्हतं. शिडी छपरात टांगलेली होती.

४

“मतदान पुन्हा घ्यावं,” मी मंगळवारी म्हणाले.

“कशासाठी?” एवर्टने विचारलं. “निकाल लागलाय.”

“चार माणसांत पाच मतं पडली तर तुझ्या मंडळात काय करायचे?”

एवर्टच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “आमच्या मंडळात तसं कधी झालं नाही.”

“पुन्हा घेऊ या,” गुन्वोर घाईने म्हणाली. “नवे चौकोन. म्हणजे कोणाच्या मनात काही राहायला नको.” कोणाच्या म्हणजे कोणाच्या, ते तिने सांगितलं नाही.

नवे चौकोन जुन्यांच्या बाजूला लगेच रंगवले; रंग तेच असल्यामुळे या वेळी आठवडा थांबायचं नाही असं ठरलं. मी एक गोष्ट ठरवली होती. या वेळी मी दुपारच्या वाळूला मत देणार होते, त्यांच्याकडे. सकाळवर पुन्हा जास्तीचं मत पडलं, तर ते माझं नाही हे या शहाण्यांना कळेल. मी पहिली गेले, निवृत्त मास्तरणीखाली आकड्याची खूण केली, खाली आले, आणि बाकीच्यांचं होईपर्यंत जिन्याच्या पायरीवरून हलले नाही. तोर्केल गेला, आला. गुन्वोर गेली, आली. ती बराच वेळ वर होती. एवर्ट गेला, आला.

एवर्टने मोजलं. “सकाळ एक. दुपार चार.”

मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर बोट लावलं. एवर्टने श्वास आत घेतला. मतपेटीत हात घातल्यासारखं झालं त्याला. एक पट्टीची. एक फिकी. एक आकड्याची. आणि आकड्याला लगटून, बोटाखाली वर आलेली, चौथी.

मी ज्या बाजूला गेले, त्या बाजूला ती आली होती.

“हात लावून बघा,” मी म्हणाले. “ही खूण बाहेरून काढलेलीच नाही. तोर्केल, लाव हात.”

तोर्केलने हात खिशात घातले. “इल्वा,” तो हळूच म्हणाला, “तुला दोन्ही रंग आवडत नसतील तर सरळ सांग ना. कोणी काही म्हणणार नाही.”

हा माणूस. भिंतीतून कोणीतरी मत देत होतं आणि याला माझी आवडनिवड समजून घ्यायची होती.

“दुपार,” एवर्टने जाहीर केलं. “चार विरुद्ध एक.”

तीनच्या कॉफीला टेबलावर पाच कप होते. मी मोजले. गुन्वोरने सगळ्यांना ओतली, पाचवा कप रिकामाच खिडकीकडच्या जागेसमोर ठेवला आणि बशीत एक केशराचा पावही ठेवला. या लोकांना एक कप जास्त धुवायला चालतो. एक प्रश्न विचारायला जमत नाही.

५

दुसऱ्या दिवशी मी वर गेले तर गुन्वोर भिंतीपाशी गुडघ्यांवर बसली होती. तिने ऐकलं नाही. तिचं बोट त्या वर आलेल्या खुणेवर होतं, खालून वर, पुन्हा खालून वर, जसं कोणी मांजराच्या पाठीवरून फिरवतं.

“लागतं ना हाताला?” मी विचारलं.

ती दचकली नाही. “मी कीरुनाहून आले होते,” ती म्हणाली. “एका हिवाळ्यापुरती. लुलिओला शिकायला जायचं होतं मला. नकाशे काढायला.”

“मग?”

“मतदान झालं.” तिने बोट काढून पदराला पुसावं तसं स्वेटरला पुसलं. “एवर्टची आई होती तेव्हा. याच खोलीत.”

“आणि?”

“मी त्या वेळी फार दाबून खूण करायचे, इल्वा. पेन्सिलीचं टोक मोडायचं.” ती गुडघ्यांना आधार देत उठली. दाराशी थांबून म्हणाली, “आता नाही करत. हळू केलं की बरं असतं,” आणि खाली बटाटे सोलायला गेली.

त्याच दुपारी उप्सालाच्या लॅबचा फोन आला. काम वाढलं होतं. ईस्टर नको, जानेवारीतच या, पण शुक्रवारपर्यंत नक्की सांगा, नाहीतर टेबल दुसऱ्याला देऊ. मी तोर्केलला सांगितलं. तो खिडकीबाहेर पाहू लागला, तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

“जानेवारी जरा लवकर वाटतं,” तो म्हणाला. “आईला, म्हणजे. खोलीचंही चाललंय.”

“तोर्केल, तुला यायचंय का?”

“मला वाटतं,” तो म्हणाला, आणि मला पुढचं वाक्य आधीच ऐकू आलं, “आपण सगळ्यांनी मिळून ठरवावं.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, दोन विरुद्ध दोन होईल. बरोबरी झाली की माझ्या बाजूने एक जास्तीचं पडेल, दोनदा पडलंच होतं. लाज वाटते सांगायला. पण त्या बुधवारी मी त्या भिंतीतल्या गोष्टीवर माझ्या नवऱ्याइतकाच भरवसा ठेवला.

सकाळच्या वाळूचा चौकोन म्हणजे उप्साला. दुपारचा म्हणजे इथे. एवर्टने सोयीसाठी तेच चौकोन वापरायचं ठरवलं, जुन्या खुणांखाली एक रेघ मारून. रंग वाया जायला नको. गुरुवारी अकराला एकेक जण वर जाऊन आला.

एवर्टने मोजलं. “उप्साला दोन. इथे तीन.” त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. “इथे.”

दोन. म्हणजे मी आणि तोर्केल, आणि भिंतीतल्या त्या खुणेने दगा दिला, असं मला क्षणभर वाटलं. मग मी खाली बसले आणि बोट लावलं. उप्सालाखाली माझी खाच, आकड्यासकट. तिला लगटून, वर आलेली, एक.

इथेखाली तीन खाचा. पट्टीची. फिकी. आणि एक, जी खूण कमी आणि माफी जास्त होती.

मी तोर्केलकडे पाहिलं. तो चौकोनाच्या कडा किती सरळ आल्या आहेत ते बघत होता.

“तीन विरुद्ध दोन,” तो म्हणाला. “घासून झालं.”

त्या घरात ज्या दोघांना निघायचं होतं, त्यातली एक मी होते.

६

शुक्रवारी रंग द्यायला घेतला. मी लॅबला अजून फोन केला नव्हता. तोर्केल म्हणाला होता, “उन्हाळ्यापर्यंतच थांबू, मग बघू,” आणि मी, मोठ्याने हसणारी, दक्षिणेकडची मी, म्हणाले, “बरं.” इतकं सोपं असतं ते. हळू केलं की बरं असतं.

तोर्केल डबा ढवळून ठेवून खाली जेवायला गेला होता. मी रोलर घेऊन पूर्वेच्या भिंतीसमोर उभी होते. एक वाजला होता. त्या वेळी तिथे सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकलेला असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीतून येणारं ऊन भिंतीवर पडत नाही, भिंतीला घासून जातं. दिवसातून दहा मिनिटं. सात दिवस सगळ्या उजेडांत चौकोन बघणाऱ्या या माणसांनी ती दहा मिनिटं कधी पाहिली नव्हती, कारण एक वाजता जेवण असतं.

भिंत खुणांनी भरलेली होती.

चौकोनांत नव्हे, सगळीकडे. रंगाच्या जुन्या थरांखाली, छतापर्यंत, खिडकीच्या चौकटीपर्यंत, वर आलेल्या बारीक खुणा, प्रत्येकीला तिची एवढीशी सावली. दोन-तीन तऱ्हा होत्या. एक लांबट, थरथरती, खोल थरातली. एक टोकाशी जाड, जणू तिथे पेन्सिल मोडली असावी. ती सगळ्यात जास्त. एकही दुसऱ्या बाजूची नव्हती. सगळ्या एकाच गोष्टीला हो म्हणत होत्या: इथून निघायला.

मी रोलर खाली ठेवायला वाकले, तेव्हा चौकोनाच्या कडेला, माझ्या नजरेच्या उंचीवर, कागद हलला.

अगदी थोडा. आतून नख टेकवावं तसा. टोक उठलं आणि खाली सरकू लागलं, सावकाश, मजेत, जसं कोणी नवीन पेन्सिल वापरून बघतं. खाली गेलं, वळलं, वर चढू लागलं. अर्ध्यावर आलं. आवाज ऐकू येत होता. दातावर कानस फिरवल्यासारखा, पण दूरवर. या खुणेची वळायची ढब मला ठाऊक होती. अजून वर गेली की शेवटी काय येणार, तेही.

मी थांबले नाही. जिना उतरले, कोट घातला, छटांच्या पट्टीची पेटी घेतली. स्वयंपाकघरात तिघं जेवायला बसली होती. टेबलावर सहा ताटल्या होत्या.

“हे मतदान मी मानत नाही,” मी म्हणाले.

एवर्टचा काटा हवेत थांबला. तोर्केल अर्धवट उठला आणि आईकडे बघून पुन्हा बसला. गुन्वोर माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या मागे, जिन्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा होता की जणू कोणीतरी बरोबर निघालंय का, हे ती पाहत होती.

नव्हतं कोणी.

७

उप्सालाला माझं टेबल खिडकीजवळ आहे. मी कोणा प्राध्यापकाची पुढचे चार दात करते आहे; छटा दुपारच्या वाळूच्या जवळची आहे, पण त्याला इलाज नाही. भाड्याच्या खोलीच्या भिंती पांढऱ्या आहेत. मी त्यांच्यावरून बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत. ती खूण मी अर्ध्यावर सोडून आले, असं मी स्वतःला सांगते. कारणं अजून सुचतात मला.

तोर्केल अधूनमधून लिहितो. भांडत नाही, बोलावत नाही, दोघांचंही बरोबर आहे असं म्हणतो. काल त्याचा संदेश आला. खोली रंगवून झाली, सुंदर दिसते. आता तिघांनी ठरवायचं होतं की सोफा भिंतीशी ठेवावा की खिडकीपाशी. रविवारी मतदान झालं. भिंतीशी तीन. खिडकीपाशी दोन.

मीसुद्धा खिडकीपाशीच म्हणाले असते.

ती दोन मतं कोणाची, हे त्याने लिहिलं नव्हतं. विचारलं नसणार कोणी.